शिंप्याच्या खुणा

तलावावर त्याला सगळे बगळा म्हणत. उंच, काटकुळा, आणि होडीच्या टोकाशी एक पाय फळीवर दुमडून तासन्‌तास उभं राहायची सवय. नाव पडायला एवढं पुरेसं होतं. हौशी गळवाल्यांना होडीत घालायचं आणि मासे असतील तिथे नेऊन सोडायचं, हा त्याचा धंदा. सुट्टीच्या दिवशी लोक महागड्या दांड्या, टोप्या आणि जेवणाच्या डब्यांसकट येत आणि धक्क्यावर पाय ठेवल्या ठेवल्या विचारत, बगळा मोकळा आहे का? तो मोकळा नसला तर मग बाकीच्या होड्यांकडे नजर वळायची.

याला कारण त्याचं नाक. पाण्याच्या मध्यावर मोटर बंद करून तो ओंजळीत पाणी घ्यायचा, हुंगायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "इथं नाही. अजून थोडं डावीकडे." मग नांगर पडायचा आणि बहुतेक वेळा तिथे मासा लागायचा. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. खरं पाहिलं तर नाकाचा आणि माशांचा काडीचा संबंध नव्हता. चुलत्याने त्याला काठावरच्या खुणा शिकवून ठेवल्या होत्या. बंद कारखान्याचं धुराडं पाण्याच्या टाकीच्या बरोबर मागे आलं आणि उजवीकडे पंपघराचं दार दिसू लागलं, की खाली दगडाची पायरी. तेच धुराडं टाकीच्या डावीकडे वीतभर सरकलं, की बुडालेली झाडं. पाणी हुंगताना हा गृहस्थ मिटल्या पापण्यांच्या फटीतून धुराडं शोधत असायचा. हे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं, आणि तिला या नाटकाचं कधी कौतुक वाटलं नाही.

शिंपी धक्क्यावर उशिरा आला. आधी त्याचं कपडे शिवायचं दुकान होतं. तयार कपड्यांनी ते बसवलं तेव्हा त्याने एक जुनी होडी घेतली. माणूस मऊ, बोलायला कमी, आणि आपल्याला पाण्यातलं काही कळत नाही हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून मोकळा झालेला. बगळ्याला तो दादा म्हणायचा. बगळ्याने त्याला नांगराची गाठ शिकवली, वाऱ्यात होडी कशी धरायची ते शिकवलं. जागा मात्र एकही दाखवली नाही. त्यात वावगं काही नव्हतं. ज्याने आपल्या कष्टाने जागा शोधली ती त्याची, दुसऱ्याने तिथे नांगर टाकायचा नाही, असा धक्क्याचा नियमच होता. तो कुठे लिहिलेला नव्हता आणि कोणी मोडतही नव्हतं.

मग शिंप्याने यंत्र आणलं. पाटीएवढा स्क्रीन, आणि वायरच्या टोकाला पाण्यात बुडवायचा मुठीएवढा सेन्सर. सेन्सर पाण्यात आवाज सोडतो, तो तळावर आपटून परत येतो, आणि त्यावरून स्क्रीनवर तळाची रेघ उमटते. मध्ये मासा आला तर छोटी कमान दिसते. याला सोनार म्हणतात. त्याच यंत्रात जीपीएसही असतं. ते तलावाचा नकाशा दाखवतं, होडी गेली तिथे मागे बारीक रेघ सोडत जातं, आणि एखादी जागा आवडली तर बटण दाबून तिथे खूण करता येते. शिंप्याने ते यंत्र होडीवर बसवलं आणि कापड अंथरून ठेवल्यासारखा सगळा तलाव पट्ट्यापट्ट्याने मोजायला घेतला. या काठापासून त्या काठापर्यंत, मग थोडं सरकून परत. एक अख्खा हंगाम तो गिऱ्हाइकाविना नुसता फिरत होता.

बगळ्याला हे झोंबलं. का झोंबलं, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नाही. एके सकाळी धक्क्यावर चहा पिता पिता तो मोठ्याने म्हणाला, "बघा, शिंप्याच्या होडीत सोनार येऊन बसला. आता सुतार, लोहार बोलवा म्हणजे होडी भरली." माणसं खो खो हसली. हसण्यासारखं त्यात फार नव्हतं, पण बगळा बोलला की हसायचं असा रिवाज पडला होता. पुढे तर हे रोजचंच झालं. गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणायचा, "टीव्हीच बघायचा तर माणसाने घरी बसावं." त्याचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर. तेही हे वाक्य सगळीकडे सांगत सुटले. हळूहळू लोक शिंप्याच्या होडीजवळ येत, स्क्रीन बघत आणि हसून पुढे जात.

एक दिवस शिंप्याच्या होडीवर यंत्राच्या जागी चार भोकं तेवढी राहिली होती.

"विकलं," शिंपी म्हणाला. "तुम्ही म्हणत होतात तेच खरं, दादा. लोकांना नाही आवडत."

बगळा त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "बरं केलंस." त्याला आतून उकळ्या फुटत होत्या. घरी गेल्यावर त्याने बायकोला ही बातमी दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "ऐकलं मी मघाशी." आणि पोळपाट धुवायला उठली.

त्यानंतर काही महिन्यांनी कारखान्याचं धुराडं पाडलं.

सकाळी सुरुंगाचा आवाज झाला, धूळ उठली, आणि टाकीच्या मागे नुसतं आभाळ उरलं. बघायला जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बगळाही त्यांच्यात उभा होता. आपण टाळ्या का वाजवत नाही, हे त्या गर्दीत कोणाला सांगायची सोय नव्हती. त्या आठवड्यात त्याने तलावभर पाणी हुंगलं. टाकी दिसायची, पंपघर दिसायचं, पण त्यांची सांगड घालणारं मधलं माणूसच गेल्यासारखं झालं होतं. डॉक्टर दोन वेळा रिकाम्या हाताने परतले आणि म्हणाले, "सर्दी झाली का काय तुम्हाला?" बगळा हसला. रात्रीचं जेवण मात्र त्याला गेलं नाही.

रेडिओ आणि मोबाइल दुरुस्त करणाऱ्याचं दुकान बाजाराच्या मागच्या बोळात होतं. बगळा तिथे टोपी कपाळावर ओढून गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपली उंची लपवायचा प्रयत्न केला.

"जुनं यंत्र आहे एक," रेडिओवाला म्हणाला. "कोणाचं ते मी सांगत नाही. कोणी नेलं तेही सांगणार नाही. आतलं सगळं पुसून देतो."

तो पुसायला विसरला. बगळ्याने घरी बॅटरी जोडली आणि नकाशावर झेंड्यांच्या हिरव्या खुणा उगवल्या. प्रत्येक झेंड्याला नाव होतं: अस्तर, काज, खिसा, डावी बाही. हे यंत्र कोणाचं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. नकाशात मधूनमधून लाल क्रॉसही होते. त्यांना नावं नव्हती. खाली खडक किंवा होडीचा तळ फाडणारं काही असेल, म्हणून सावध राहायची खूण केली असणार, असं बगळ्याने ठरवून टाकलं.

त्याच वेळी यंत्र बंद करून परत नेऊन देता आलं असतं. पण तो खाटेच्या कडेला बसून राहिला आणि मनाची समजूत घालत गेला. विकलं म्हणजे आतल्या जागांसकट विकलं. मी काही चोरायला गेलो नव्हतो. आणि कायम थोडंच वापरणार आहे, नवीन खुणा बसेपर्यंत. माणसाला स्वतःला फसवायचं असलं की वकील शोधावा लागत नाही.

आमिष ठेवायच्या लाकडी पेटीच्या झाकणाला आतून चौकोनी खाच पाडून त्याने स्क्रीन बसवला. जादा वल्ह्याच्या पात्यामागे सेन्सर बांधला आणि वायर दोरीत गुंडाळली. यंत्राचा आवाज बंद केला. आता तो पेटीत वाकून आमिष चिवडल्यासारखं करायचा, नकाशा बघायचा, मग ओंजळीत पाणी घेऊन हुंगायचा. पहिल्याच फेरीत डॉक्टरांना हाताएवढा मिशाळ मासा लागला. "नाक परत आलं," ते ओरडले. तो झेंडा होता 'डावी बाही'.

बायकोला कळायला वेळ लागला नाही. स्वयंपाकघरातल्या प्लगला रोज संध्याकाळी बॅटरी लागलेली असायची.

"नाकाला चार्जर लागतो का हल्ली?" तिने विचारलं.

"होडीच्या दिव्याची आहे."

"दिवसा लावता दिवा?" ती म्हणाली आणि मिक्सर लावायचा म्हणून बॅटरीची पिन काढून बाजूला ठेवली. पुढे ती काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं असं त्याला वाटत राहिलं, म्हणजे निदान भांडता आलं असतं.

शिंपी आता अंदाजाने आपल्या जागा गाठायचा. पण तो 'खिशा'वर पोचायचा तर तिथे बगळ्याची होडी. 'काजा'वर जायचा तर तिथेही तीच. आधी आलेल्याला धक्का लावायचा नाही, म्हणून तो लांबूनच हात हलवायचा आणि होडी वळवायचा. त्याच्या होडीतलं गिऱ्हाईक वळून वळून मागे बघायचं. पुढच्या खेपेला ते गिऱ्हाईक बगळ्याकडे यायचं.

एक दिवस धक्क्यावर दोरी गुंडाळताना शिंपी त्याच्याजवळ आला. बगळ्याने आमिषाच्या पेटीचं झाकण पायाने लोटून बंद केलं.

"दादा, एक सांगू? हसणार नाही ना?"

"सांग."

"हल्ली तुमचं नाक माझ्याच जागांवर येतंय. मी शोधलेल्या. तुम्हाला कुठून माहीत असणार म्हणा, पण अगदी तिथेच." शिंप्याचा चेहरा खुलला होता. "बायकोला म्हटलं मी, दादांना जी जागा पसंत पडते ती मी आधी शोधली होती. म्हणजे अगदीच काही वाया नाही गेला तो हंगाम."

बगळ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने काहीतरी उत्तर दिलं, काय ते त्याला पुढे आठवेना. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा 'अस्तरा'वर गेला, कारण डॉक्टरांनी चार पाहुणे आणले होते.

पाहुण्यांना पलीकडच्या काठावर सोडून तो एकटाच परतत होता, तेव्हा वारा सुटला आणि मोटर बंद पडली. होडी वाहवत एका लाल क्रॉसच्या दिशेने निघाली. खडकावर आपटू नये म्हणून त्याने पेटी उघडली आणि तळाकडे डोळे लावले. रेघ वर आली, सपाट झाली, आणि एकदम खाली उतरली. पुन्हा सपाट, पुन्हा खाली. खडक वगैरे काही नव्हतं. दगडाची पायरी होती. चुलत्याने दाखवलेली, धुराडं पडल्यापासून हरवलेली त्याची स्वतःची पायरी.

मोटर सुरू झाल्यावर तो दुसऱ्या क्रॉसवर गेला. खाली बुडालेली झाडं. तिसऱ्यावर जुनी विहीर, जी आपल्याखेरीज कोणालाच माहीत नाही अशी त्याची पक्की खात्री होती. सगळे क्रॉस त्याच्याच जागा होत्या.

आणि त्याला काय वाटलं असेल? त्याला आनंद झाला. सगळ्यात वाईट म्हणजे हेच. चोर, तो मनात म्हणाला, गोड बोलून माझ्या सगळ्या जागा टिपून ठेवल्या होत्या याने. कितीतरी आठवड्यांनी त्याला छाती भरून श्वास घेता आला. आपल्यावरही अन्याय झालाय या कल्पनेने माणूस केवढा हलका होतो. उद्या धक्क्यावर सगळ्यांसमोर शिंप्याचं पितळ कसं उघडं पाडायचं, याचे शब्दही त्याने जुळवायला घेतले.

मग त्याची नजर रेघांवर गेली. शिंप्याच्या होडीने सोडलेल्या जुन्या बारीक रेघा अजून नकाशात होत्या, या काठापासून त्या काठापर्यंत, फुटपट्टीने ओढल्यासारख्या. फक्त क्रॉसपाशी त्या सरळ नव्हत्या. प्रत्येक क्रॉसला एकदाच एक रेघ येऊन टेकली होती. त्यानंतरची प्रत्येक रेघ तिथे आली की वळसा घालून पुढे गेली होती. धुक्याच्या दिवसांतही, जेव्हा कोण कुठे आहे हे कोणालाच दिसत नाही. शिंप्याची होडी पायरीवर, झाडांवर किंवा विहिरीवर नांगरलेली त्याने कधी पाहिली होती का? बगळ्याने पुष्कळ आठवून बघितलं. एकदाही नाही. ते क्रॉस होते तिथे जायचं नाही म्हणून.

त्याच्या स्वतःच्या होडीची ताजी रेघ झेंड्या-झेंड्यावर गुंतवळ होऊन बसली होती.

त्याने पेटीचं झाकण लावलं. तोंड लपवायला माणसाला निदान भिंत तरी लागते. इथे चारी बाजूंना उघडं पाणी होतं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "त्याची बायको सकाळी भेटली होती. होडी काढायचं म्हणतोय तो. घरीच मशीन मांडलंय, पँटी आखूड करून देतो." मग तिने ताट बाजूला सारलं. "तुम्ही जाताय की मी जाऊ?"

शिंप्याच्या खोलीत खिडकीपाशी शिलाईचं मशीन होतं. पलंगावर कोणाच्या तरी विजारी, प्रत्येकीला खडूची खूण. बगळ्याने टॉवेलात गुंडाळलेलं यंत्र मशीनच्या फळीवर ठेवलं. शिंप्याने टॉवेलाचं एक टोक उचललं आणि पुन्हा खाली सोडलं. त्याने ते ओळखलं होतं.

"रेडिओवाल्याकडून घेतलं," बगळा म्हणाला. "धुराडं पडल्यावर. मला त्या धुराड्यावरूनच कळायचं सगळं. नाकाचं सोंग होतं. आतल्या जागा तुझ्या आहेत हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

शिंपी सुईत दोरा ओवत होता. ओवून त्याने टोकाला गाठ मारली.

"मी तुमचं कौतुक केलं त्या दिवशीसुद्धा?"

"हो."

"माझ्या बायकोला सांगितलं मी ते."

"माहीत आहे."

"क्रॉस बघितलेत?"

"आजच कळलं कशाचे आहेत ते. मला आधी खडक वाटले."

शिंप्याने एक विजार ओढून मांडीवर घेतली. त्याचा आवाज चढला नाही, आणि चढला असता तर बगळ्याला सोपं गेलं असतं. "यंत्र तुम्हीच बसवा माझ्या होडीवर," तो म्हणाला. "तुमच्यामुळे काढलं होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी बसवा. लोक असतात तेव्हा."

सुट्टीच्या सकाळी धक्का गजबजलेला होता. बगळा शिंप्याच्या होडीत गुडघे टेकून त्या जुन्या चार भोकांत स्क्रू बसवू लागला. शिंपी शेजारी उभा राहून एकेक स्क्रू हातात देत होता. डॉक्टर दांडी खांद्यावर टाकून आले आणि थबकले.

"अरे वा. शिंप्याच्या होडीत सोनार परत आला?"

आजूबाजूची माणसं हसली आणि सवयीने बगळ्याकडे बघू लागली. आता तो काहीतरी झकास बोलणार होता.

"यंत्र शिंप्याचंच आहे," बगळा म्हणाला. "हा सगळा हंगाम मी ते माझ्या होडीत लपवून वापरलं. तुम्हाला जिथे जिथे मासा लागला त्या जागाही त्याच्याच."

मग असा हशा उसळला की काठावरचे लोकही वळून बघू लागले. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बगळा तो बगळाच," कोणीतरी म्हणालं. दुसऱ्याने नाक चिमटीत धरून पाणी हुंगल्याची नक्कल केली. त्याचं खरं बोलणं लोकांनी नेहमीच्या विनोदात जमा करून टाकलं होतं.

तिथेच थांबता आलं असतं. त्याने सांगितलं होतं, लोकांनी मानलं नाही, यात त्याचा काय दोष? त्याने वर बघितलं. सगळ्या धक्क्यावर एकटा शिंपी हसत नव्हता. तो हातातल्या स्क्रूकडे बघत होता.

बगळा उठला, आपल्या होडीतून आमिषाची पेटी आणि ते वल्हं घेऊन आला आणि धक्क्याच्या फळ्यांवर ठेवलं. पेटी उघडून झाकणातली खाच दाखवली. दोरी सोडून आतली वायर दाखवली. हसू हळूहळू विझत गेलं. डॉक्टर वाकले, पात्यामागचा सेन्सर बोटाने चाचपला आणि सरळ झाले.

"मी माझ्या मुलांना सांगितलं होतं तुमच्याबद्दल," ते म्हणाले आणि आपली दांडी घेऊन धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला गेले.

बाकीचेही पांगले. बगळ्याचे कान तापले होते, स्क्रूची खाच सापडत नव्हती. वल्ह्यावरून सोडवलेला सेन्सर पाण्यात सोडून त्याने यंत्र सुरू केलं. नकाशावर हिरवे झेंडे आले, मग लाल क्रॉस. आपल्याकडे द्यायला दुसरं काही नाही हे त्याला आता कळत होतं.

"हे क्रॉस पुसतो," तो हळूच म्हणाला. "पायरी, झाडं, विहीर, सगळीकडे जात जा. माझी काही हरकत नाही."

त्याचं बोट बटणावर होतं. शिंप्याने ते बाजूला केलं.

"राहू देत, दादा," तो म्हणाला. "मला लागतात ते."

बगळ्याने पुन्हा स्क्रू धरला. तो केव्हाच घट्ट बसला होता. तरी मान खाली घालून तो तोच पिळत राहिला.